तयार साच्यातला धंदा की हातात रोख भांडवल?

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

गेला महिनाभर एक प्रश्न डोक्यात घोळतोय आणि निर्णय पंधरवड्यात द्यायचाय, म्हणून हा धागा.

मी ज्या छोट्या संस्थेत काम करते ती हातावर पोट असलेल्या बायकांना धंदा उभा करायला मदत करते. यंदा वीस जणींपुरता निधी हाताशी आहे. सौरदिव्यांच्या एका कंपनीने प्रस्ताव दिलाय. चार दिवसांचं प्रशिक्षण, खांद्याला लावायची पिशवी, दाखवायला तीन प्रकारचे दिवे, विकायला तीस नगांचा पहिला माल, छापील वही आणि कंपनीचं जाकीट. भाव ठरलेला, मार्जिन ठरलेलं. यालाच मायक्रोफ्रँचायझी म्हणतात. मोठ्या फ्रँचायझीसारखंच नाव, माल आणि पद्धत वरून येते आणि चालवणारी स्वतः मालकीण असते. फक्त आत शिरायची रक्कम गरीब माणसाला झेपेल इतकी लहान ठेवलेली असते.

दुसरा पर्याय म्हणजे तेवढीच रक्कम प्रत्येकीच्या हातात द्यायची. काय करायचं ते तिचं तिने ठरवायचं.

माझा कल साच्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणींना रोख दिली होती. त्यातल्या सात जणींनी शिवणयंत्र घेतलं, आणि सातही जणी एकाच वस्तीतल्या. एकीचं बरं चाललेलं दिसलं म्हणून दुसरीने घेतलं, दुसरीचं पाहून तिसरीने. काम होतं तेवढंच राहिलं, वाटेकरी सात झाले. सहा महिन्यांनी एकीच्या घरी गेले तर यंत्रावर चादर घातलेली आणि चादरीवर घड्या केलेले कपडे रचलेले. मला बघून तिने घाईघाईने कपडे उचलायला सुरुवात केली, जणू तिच्याकडून गुन्हा झाला होता. चूक तिची नव्हतीच. "तुला हवं ते कर" म्हणून आम्ही तिला एकटं सोडून दिलं होतं.

ज्यांनी असं काम केलंय, स्वतः असा धंदा केलाय किंवा त्यावर वाचलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निरभ्र

चांगला विषय. वाचतोय.

सुकाणू

अंगणवेल, मी सात वर्षं कंपनीच्या बाजूने हेच काम केलंय. एजंट निवडायचे, त्यांना शिकवायचं, माल पोचवायचा. त्यामुळे साच्याची ताकद मला माहीत आहे आणि त्याच्या भेगाही.

आधी ताकद सांगतो. पहिल्यांदा धंद्यात उतरणारा माणूस पहिल्या वर्षात ज्या चुका करतो त्या जवळजवळ ठरलेल्या असतात. चुकीचा माल भरतो, भाव कमी लावतो, उधारीत अडकतो, खपणारा माल संपल्यावर चार दिवस रिकामा बसतो. श्रीमंताला या चुका परवडतात. ज्याच्याकडे एकदाच भांडवल येणार आहे त्याला एक चूकही परवडत नाही. साचा म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच चुका करून, पैसे घालवून शोधलेली वाट.

आता भेग. प्रस्तावात एकच ओळ शोधा. न खपलेला माल कुणाचा? तुम्ही लिहिलंय तीस नगांचा पहिला माल. तो विकत घ्यायचा आहे की विक्रीनंतर हिशेब करायचा आहे? विकत घ्यायचा असेल आणि परत घेण्याची सोय नसेल, तर कंपनीचा धंदा तीस नग तुमच्या दारात उतरवले त्या दिवशीच पूर्ण झाला. पुढचं सगळं त्या बाईच्या डोक्यावर. मी असे करार केलेत. लक्ष्य गाठायच्या नादात केलेत, आणि त्याची मला लाज वाटते. म्हणूनच हे लिहितोय.

कोरी पाटी

सुकाणू, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून आभार. पण मी आणखी पुढे जाईन. माझ्या मते हा सगळा प्रकार म्हणजे कंपन्यांनी पगार न देता नेमलेले विक्रेते. नाव 'उद्योजक', पण भाव ठरवायचा हक्क नाही, माल निवडायचा नाही, दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही. आजारी पडली तर रजा नाही. यात उद्योजकता कुठे आहे?

पाऊलवाट

कोरी पाटी, थोडं थांबा. मी स्वतः चार वर्षं अशी एजंट होते, म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव सांगत नाही.

भाव ठरवायचा हक्क नाही हे तुम्ही तोटा म्हणून सांगितलंत. माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा आधार होता. त्याआधी मी स्वतःच्या मनाने साबण, कंगवे, पिना असा बारीकसारीक माल विकत असे. गिऱ्हाईक म्हणजे शेजारीपाजारी आणि नातेवाईक. जाऊबाई म्हणणार "माझ्याकडून काय जास्त घेतेस", शेजारीण म्हणणार "पुढच्या आठवड्यात देते". नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर मन दुखावतं, हो म्हटलं तर घरात चूल कशी पेटवायची? दीड वर्षात माझी उधारीची वही मालाच्या वहीपेक्षा जाड झाली होती.

एजंट झाल्यावर प्रत्येक डब्यावर छापील किंमत होती आणि माझ्याकडे एक गुळगुळीत पत्रक होतं: उधार विक्रीस परवानगी नाही. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून मालाच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. झाकण उघडलं की समोर तेच. जाऊबाईंना म्हणायचे, "ताई, माझ्या हातात असतं तर दिलं असतं, कंपनी हिशेब मागते." खरं तर उधार दिलं असतं तर कंपनीला कळणारही नव्हतं. पण ते वाक्य माझ्यासाठी ढाल होतं. नातं टिकलं आणि पैसाही टिकला. गरीब वस्तीत धंदा करणाऱ्या बाईला "नाही" म्हणायला दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागतं. हे प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही.

माझा धंदा बुडाला तो वेगळ्याच कारणाने. तिसऱ्या वर्षी माझी विक्री चांगली दिसली म्हणून त्याच भागात आणखी चार जणी नेमल्या. मला कुणी विचारलंही नाही. गिऱ्हाईक मी घडवलेलं, दारोदार जाऊन माल समजावून सांगितलेला मी. करारात हद्दीबद्दल अवाक्षर नव्हतं. विचारायला गेले तर साहेब म्हणाले, "स्पर्धा चांगली असते." चौथ्या वर्षी मी सोडलं.

तेव्हा अंगणवेल, सुकाणूंच्या एका ओळीला माझी दुसरी ओळ जोडा: हद्द कुणाची? आणि ती तोंडी नको, लेखी हवी.

तिन्हीसांज

पाऊलवाटताई, "नाही म्हणायला दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागतं" हे वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. माझ्या आईचं छोटं दुकान याच कारणाने बंद पडलं होतं.

कोरी पाटी

पाऊलवाट, तुमचा मुद्दा मान्य. बंधनाचाही उपयोग असतो, हा विचार मी केला नव्हता. पण तुमच्या अनुभवाचा दुसरा भाग माझंच म्हणणं सिद्ध करतो. हक्क सगळे वर, जोखीम सगळी खाली.

तळटीप

थोडी अभ्यासांची भर घालतो, कारण अंगणवेल यांच्या प्रश्नाची अगदी थेट चाचणी झालेली आहे.

नैरोबीच्या तीन अत्यंत गरीब वस्त्यांमध्ये १८-१९ वर्षांच्या मुलींवर हा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाला मायक्रोफ्रँचायझी: प्रशिक्षण, धंद्याचं सामान, पाठीशी मार्गदर्शक. दुसऱ्या गटाला नुसती रोख रक्कम, बिनशर्त, प्रशिक्षण वगैरे काही नाही. तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या वर्षात फ्रँचायझीवाल्या आणि रोखवाल्या, दोघींचंही उत्पन्न चांगलं वाढलं. दुसऱ्या वर्षात दोघींचाही फायदा विरून गेला.

म्हणजे साचा हरला असं नाही आणि रोख जिंकली असंही नाही. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की आलेला पैसा जपून ठेवायची सोय नसेल तर तो कोणत्याही वाटेने आला तरी घरखर्चात मुरतो. शिवाय त्यातल्या अनेक मुलींना आयुष्यभर धंदा करायचाच नव्हता.

सुकाणू

तळटीप, हे मला माहीत नव्हतं. पण १८-१९ वर्षांची मुलगी आणि दोन मुलांची चाळिशीतली आई यांच्यात फार फरक पडतो. अंगणवेल, तुमच्या वीस जणी साधारण कोणत्या वयाच्या?

अंगणवेल

बहुतेक तीस ते पंचेचाळीस. चार जणी एकट्या घर चालवतात, बाकीच्यांच्या घरी नवऱ्याचा काही ना काही धंदा किंवा रोजंदारी आहे.

सुकाणू, पाऊलवाट, प्रस्ताव पुन्हा काढून वाचला. माल विकत घ्यायचा आहे. परतीबद्दल काही नाही. हद्दीबद्दलही काही नाही. जाकिटाच्या रंगाबद्दल मात्र दोन परिच्छेद आहेत.

तळटीप

नवऱ्याचा धंदा आहे की नाही, हे नीट तपासा. यावर एक फार मोलाचा शोध आहे.

श्रीलंकेत छोट्या धंदेवाल्यांना चिठ्ठ्या टाकून अनुदानं दिली गेली. २००८ साली आलेल्या निष्कर्षात भांडवलावरचा सरासरी परतावा महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास होता, कोणत्याही बँकेच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त. पण बायकांच्या धंद्यात तो जवळजवळ शून्य दिसला. त्यावरून बरेच जण म्हणायला लागले की बायकांना धंदा जमत नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या अशाच प्रयोगांची आकडेवारी पुन्हा उघडली आणि विचारलं, त्या घरात आणखी कुणाचा धंदा आहे का? जिथे बाईचा धंदा हाच घरातला एकमेव धंदा होता तिथे स्त्री-पुरुषांत फरक उरला नाही. जिथे नवऱ्याचाही धंदा होता तिथे बाईच्या नावाने आलेलं भांडवल त्या धंद्यात गेलेलं होतं. पैसा वाया गेला नव्हता, मोजणारे चुकीच्या गल्ल्यात बघत होते.

हिशेबी

गल्ला म्हटल्यावर मला राहवत नाही.

मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, वीसेक वर्षं. नव्या माणसाला मी जमाखर्च, नफातोटा पत्रक वगैरे काही शिकवत नाही. दोन डबे आणायला सांगतो. एक धंद्याचा, एक घरचा. धंद्याच्या डब्यातून घरच्या डब्यात रोज किंवा दर आठवड्याला ठरलेली रक्कम जाते, तो तुमचा पगार. त्यापलीकडे हात घालायचा नाही. एवढंच.

हे मी अनुभवाने करत होतो. नंतर कळलं की डोमिनिकन रिपब्लिकमध्ये एका लघुवित्त संस्थेच्या ग्राहकांवर याची चाचणीच झाली होती, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, काहींना असे ढोबळ नियम, ज्यात मुख्य नियम घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवण्याचा. हिशेबशास्त्राने विशेष काही बदललं नाही. ढोबळ नियमांनी बदललं, आणि सगळ्यात जास्त फायदा त्यांना झाला ज्यांचे हिशेब मुळात सगळ्यात कच्चे होते.

माझ्याकडे एक बाई येतात. धंद्याच्या डब्याला त्यांनी कुलूप लावलंय आणि किल्ली सासूकडे ठेवलीय. स्वतःकडे ठेवली तर मुलं मागतात तेव्हा मन विरघळतं म्हणून.

पाऊलवाट

हिशेबी काका, तुमच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. किल्ली सासूकडे ठेवायला फार हिंमत लागते!

हिशेबी

सांगतो. त्या हसतील. सासूही हसेल, कारण आता हिशेब तीच ठेवते.

शून्यातून

अवांतर आहे, पण हिशेबी काकांनी छोट्या गोष्टीचा विषय काढला म्हणून. सुटे पैसे!

माझा फिरता धंदा होता. सकाळच्या पहिल्या तासात किमान दोन गिऱ्हाइकं सुटे नाहीत म्हणून परत जायची. शेजारच्या टपरीवर मोड आणायला गेलो तर तोवर तिसरं गिऱ्हाईक निघून जायचं. मला वाटायचं हे चालायचंच. केनियात छोट्या दुकानदारांवर याच गोष्टीचा अभ्यास झालाय. सुटे नसल्यामुळे हातच्या गेलेल्या विक्रीतला नफा एकूण नफ्याच्या ५ ते ८ टक्के निघाला. गंमत म्हणजे संशोधक दर आठवड्याला नुसतं विचारत गेले की या आठवड्यात सुट्यांमुळे किती गिऱ्हाइकं गेली, तेवढ्यानेच लोक जास्त सुटे बाळगायला लागले.

त्या दिवसापासून मी रात्री झोपताना दुसऱ्या दिवसाची मोड वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवायला लागलो.

निरभ्र

अवांतर कसलं, हेच मुख्य आहे. अंगणवेल, त्या छापील वहीत 'सुट्यांमुळे गेलेलं गिऱ्हाईक' असा एक रकाना टाकून घ्या.

निळाई

मला वाटतं आपण दोन प्रश्नांची गल्लत करतोय. विकणारीचं पोट भरतंय का, हा एक. आणि घेणाऱ्याच्या आयुष्यात फरक पडतोय का, हा दुसरा. मी आरोग्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून मला दुसरा आधी दिसतो.

युगांडात लिव्हिंग गुड्स आणि ब्रॅक या संस्थांनी वस्तीतल्याच स्त्रियांना औषधं, जुलाबावरची मीठ-साखरेची पाकिटं, साबण, मच्छरदाण्या विकायला दिल्या. त्या घरोघर जाऊन मुलांची तपासणीही करायच्या. विक्रीवर मार्जिन, शिवाय कामाप्रमाणे थोडा मोबदला. २१४ गावांमध्ये तीन वर्षं चाचणी झाली. जिथे या बाया होत्या तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी झाले. सत्तावीस! एवढा फरक पाडायला दवाखाने उभारावे लागतात.

जवळचं दिसायच्या चष्म्याचं उदाहरण घ्या. व्हिजनस्प्रिंग ही संस्था पिशवीत चष्मे आणि दृष्टी तपासायचा तक्ता घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्यांपासून सुरू झाली. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, आणि हातांनी बारीक काम करणाऱ्याची कमाई तिथेच उतरते. बांगलादेशात ग्रामीण भागातल्या अशा लोकांना चष्मे देऊन पाहिलं, २०२४ मध्ये निकाल आला. आठ महिन्यांत चष्मा मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा ३३.४ टक्के जास्त होती. एक साधा चष्मा.

म्हणून अंगणवेल, त्या दिव्यांचा वस्तीला खरंच उपयोग आहे का, हेही विचारा. उपयोगाचा माल असेल तर विकणारी ताठ मानेने दार ठोठावते.

कोरी पाटी

निळाई, आकडे मान्य. पण मुलं वाचली याचं श्रेय विक्रीला की घरोघरच्या भेटींना? जीव वाचवणारं काम असेल तर त्याला पगार द्या. विक्रीच्या मार्जिनवर का सोडायचं? ज्या घरात पैसे नाहीत त्या घराचं दार ती विक्रेती कमी वेळा ठोठावणार, हे उघड आहे.

निळाई

रास्त प्रश्न आहे आणि या क्षेत्रात त्यावरून सतत वाद होतात. माझं मत: भेटींना ठरलेला मोबदला हवाच. पण मालाचा साठा कायम राहण्यासाठी विक्रीचा उपयोग होतो. फुकट वाटपाच्या केंद्रात महिना-महिना औषध नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जिला विकून चार पैसे मिळतात तिच्या पिशवीतलं औषध संपत नाही.

जुनाट

अजून एका गोष्टीकडे कुणी वळलं नाही, ती म्हणजे धंद्याचं आयुष्य.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण बांगलादेशातलं. १९९७ साली ग्रामीणफोन ही मोबाइल कंपनी सुरू झाली, इक्बाल कादिर या उद्योजकाची कल्पना. गावातली एक बाई 'ग्रामीण बँक' या गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या तिथल्या बँकेच्या कर्जातून मोबाइल घेणार आणि गावाला मिनिटाच्या हिशेबाने बोलू देणार. गावात दुसरा फोनच नाही. परदेशी गेलेल्या मुलाशी बोलायला, बाजारभाव विचारायला लोक तिच्या दारात रांग लावायचे. अशा बायका पुढे दोन लाखांच्या वर गेल्या. जगभर कौतुक झालं.

मग फोन स्वस्त झाले. घरोघर आले. त्या बाईच्या दारातली रांग संपली. यात कुणी फसवलं नाही, कुणाचा हेतू वाईट नव्हता. मालच असा होता की तो यशस्वी झाला की विकणारीची गरज संपते.

सौरदिव्याचं तसंच आहे. वस्तीत तीनशे घरं असतील, तर तीनशे दिवे खपल्यावर पुढे काय? साबण संपतो, औषध संपतं, दिवा चार वर्षं चालतो. कंपनीला विचारा, दुसऱ्या वर्षी ही बाई काय विकणार?

सुकाणू

जुनाट, अगदी बरोबर बोललात. आमच्याकडेही पहिल्या सहा महिन्यांचे आकडे दाखवून नव्या एजंट नेमल्या जायच्या. दुसऱ्या वर्षाचा तक्ता कुणी मागायचंच नाही.

तिन्हीसांज

आमच्या कॉलेजात शिकवलं होतं की फ्रँचायझीची सुरुवातच शिवणयंत्रापासून झाली. सिंगर कंपनी १८५० च्या दशकात एजंटांना आपापल्या प्रदेशात यंत्रं विकायचे हक्क द्यायची, आणि १८५६ च्या सुमारास हप्त्यांवर विक्री सुरू केली. म्हणजे हद्द पहिल्यापासून होती. पाऊलवाटताईंना जी मिळाली नाही, ती पावणेदोनशे वर्षांपूर्वी ठाऊक होती.

पाऊलवाट

वा! हे त्या साहेबांना सांगायला हवं होतं.

शून्यातून

हप्त्यांवरून आठवलं. अंगणवेल, ही रक्कम अनुदान आहे की कर्ज? कर्ज असेल तर पहिला हप्ता कधी? माझा पंधराव्या दिवशी होता. पंधरा दिवसांत जे विकून होईल तेवढाच माल मी भरला, कारण हप्ता डोक्यावर. ज्या मालात खरा नफा होता तो महिना-दीड महिना थांबावं लागणारा होता, त्याला हात लावायची छातीच झाली नाही.

तळटीप

शून्यातून, तुमचा अनुभव कोलकात्यातल्या एका प्रयोगाशी तंतोतंत जुळतो, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. काहींचा हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी सुरू केला, काहींचा दोन महिन्यांनी. दोन महिने मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा गुंतवला आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा बराच जास्त होता. मात्र कर्ज थकण्याचं प्रमाणही त्यांच्यात वाढलं. मोकळीक मिळाली की माणूस मोठी उडी घेतो. काही उड्या चुकतात.

अंगणवेल

निम्मी रक्कम अनुदान, निम्मं बिनव्याजी कर्ज. पहिला हप्ता तिसाव्या दिवशी होता. तो साठाव्या दिवशी नेता येतो का, हे उद्याच बैठकीत मांडते.

तुम्हा सगळ्यांचं वाचून मला एक गोष्ट टोचायला लागलीय. मी "साचा की रोख" असं वीस जणींसाठी एकदम ठरवायला निघाले होते. तीन वर्षांपूर्वी एकटं सोडलं ती चूक होती, आणि आता त्यांना न विचारता जाकीट चढवतेय.

पाऊलवाट

मग विचारा ना. करार त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, सावकाश, ओळ न ओळ. मला कुणी वाचून दाखवला नव्हता. "इथे सही करा" एवढंच म्हणाले होते. आणि प्रश्न विचारणारी बाई भांडखोर आहे असं कंपनीच्या माणसाला वाटू देऊ नका, तुम्ही तिच्या शेजारी बसा.

हिशेबी

आणि सोडण्याचं कलमही बघा. सहा महिन्यांनी नको वाटलं तर काय परत मिळतं, काय भरावं लागतं. आत जायचा दरवाजा सगळे बघतात, बाहेर पडायचा बघत नाहीत.

कोरी पाटी

अंगणवेल, मी सुरुवातीला फार टोकाचं बोललो. साचा वाईटच असतो असं आता म्हणणार नाही. केनियात २००० पासून सीएफडब्ल्यू (चाइल्ड अँड फॅमिली वेलनेस) नावाने औषधांच्या दुकानांची फ्रँचायझी चालवली गेली, त्याबद्दल काल वाचत होतो. नकली किंवा मुदत संपलेलं औषध विकलं तर दुकानाचा परवाना काढून घेण्याचा हक्क मुख्य संस्थेकडे. तिथे वरचं नियंत्रण गिऱ्हाइकाला वाचवतं. कलम कुणाला वाचवतंय हे एकेका कलमाला विचारायचं, इतकंच माझं म्हणणं उरतं.

निरभ्र

धाग्याचा फार चांगला गोफ विणला गेलाय. अंगणवेल, पुढे काय झालं ते लिहाच.

अंगणवेल

सतरा दिवसांनी परत आलेय, उशिराबद्दल माफ करा.

कंपनीच्या माणसाला बोलावलं, वीस जणी बसल्या, मी करार मोठ्याने वाचला. दोन तास लागले. न खपलेला, न उघडलेला माल तीन महिन्यांपर्यंत परत घ्यायचं त्यांनी कबूल केलं. हद्द एका वर्षापुरती लेखी दिली, मी तीन वर्षं मागत होते. दुसऱ्या वर्षी काय विकणार, याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. "नवीन उत्पादनं येतायत" म्हणाले. हप्ता साठाव्या दिवसावर गेला.

चादर घातलेल्या यंत्राची मालकीणही त्या वीस जणींत आहे. ती मागे भिंतीला टेकून बसली होती, एक शब्द बोलली नव्हती. शेवटी तिने नमुन्याचा दिवा हातात घेतला, उलटा केला, तळाचे चार स्क्रू अंगठ्याने चाचपले आणि विचारलं, "हा बंद पडला तर गिऱ्हाईक माझ्या दारात येणार. मला हा उघडायला शिकवणार का?" कंपनीचा माणूस म्हणाला, बिघडलेला दिवा कार्यालयात पाठवायचा, महिन्याभरात परत येतो. ती म्हणाली, "महिनाभर त्या घरात अंधार, आणि शिव्या मला."

खोलीतल्या सगळ्या जणींचं मत तिथे फिरलं. आठ दिवस बोलणी चालली. शेवटी सुटे भाग, म्हणजे बटण, बॅटरी आणि वायर, एजंटांना विकत मिळतील आणि एक तंत्रज्ञ दोन दिवस येऊन शिकवेल, हे ठरलं. जुनाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कंपनीकडून नाही, पण तिच्याकडून मिळालं असं मला वाटतंय. तीनशे दिवे खपल्यावर तीनशे दिवे दुरुस्तीला येणारच.

बारा जणींनी दिवे घेतले, आठ जणींनी रोख. ज्या चार एकट्या घर चालवतात त्यातल्या तिघी रोखवाल्या आहेत. सगळ्यांना प्रत्येकी दोन डबे दिलेत, हिशेबी काका. पहिला माल सोमवारी येतोय. तिने शिवणयंत्र खिडकीपाशी ओढून घेतलंय, त्याच्या फळीवर दुरुस्ती करणार म्हणते.

जुनाट

उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा चांगलं आहे. तिला शुभेच्छा कळवा.

पाऊलवाट

अंगणवेल, तिला माझा एक निरोप द्या. दुरुस्तीची मजुरी पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून फळीच्या वर टांगायची, आणि खाली लिहायचं, 'दर कंपनीने ठरवलेले आहेत'. तसं कंपनीकडून लेखी मागून घ्या, नाहीतर पहिला दिवा जाऊबाईंचा येईल.